खाऱ्या हवेतला नवा कॉम्प्युटर: खोका घरी आल्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे कोकणातल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्याही वरच असते. आता हेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर उडत आलं आणि तुमच्या मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरच्या, धुळीत मिसळून बसलं, असं समजा. बरणीत होतं तेच तिथेही होतं, फक्त तिथे खालून वीज खेळत असते.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर बसवतो आणि बिघडले की दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये वापरून वापरून झिजलेलं मशीन क्वचित असतं. बरीचशी असतात ती प्लॅस्टिकच्या कव्हरात गुंडाळून, जपून, न वापरता ठेवलेली. चालू मशीन आतून उबदार असतं, त्यामुळे त्याच्या पोटात ओल टिकत नाही. बंद मशीन भिंतीइतकंच गार, म्हणून भिंतीइतकंच दमट. मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांमध्ये हे सहसा नसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

जागा आधी, खोका नंतर

नवा कॉम्प्युटर आला की घरातली सगळी मंडळी खोक्याभोवती जमतात आणि जागेचा विचार शेवटी होतो. मग जिथे रिकामा प्लग असेल तिथे तो बसतो, बहुधा टीव्हीच्या शेजारी नाहीतर पडवीतल्या खिडकीखाली.

खारा वारा पश्चिमेचा, पाऊसही तिरपा मारतो तो नैर्ऋत्येकडून. तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या टाळा. पडवी आणि ओटी प्रशस्त वाटते, पण दमट वारा, तांबडी धूळ आणि मुंग्या यांची पहिली धाड तिथेच पडते. माजघरासारखी आतली खोली बरी, फक्त ती चुलीला लागून नको. चुलीच्या धुराची काजळी तेलकट असते. ती पंख्याच्या पात्यांवर बसली की तिला धूळ चिकटते आणि मग ब्रशनेही सुटत नाही. फोडणीच्या वाफेचंही तेच.

चिऱ्याची भिंत गिलावा केलेली असली तरी जुलैत हात लावून बघा, ओली लागेल. टेबल भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा. मागच्या पंख्यातून गरम हवा बाहेर पडायलाही तेवढी जागा लागतेच. मग मान वर करून छप्पर बघा. कौलारू घर असेल तर गेल्या पावसाळ्यात कुठे कुठे पातेली मांडली होती ते घरच्या बाईमाणसाला विचारा, तिच्या ते तोंडपाठ असतं. माळ्याखालची जागा मिळाली तर उत्तम.

कॅबिनेट, म्हणजे ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो ते, जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा टेबलावर ठेवलेलंही वाचलं नाही, हे खरं. पण दरवर्षी माझ्याकडे येणारी भिजकी मशीन महापुराची नसतात. पागोळ्यांचं पाणी उंबऱ्यावरून आत आलेलं असतं, फरशी पुसताना बादली कलंडलेली असते. दीड फुटाची उंची एवढ्याला पुरते. आणि मशीन भिजलंच, तर 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबू नका. प्लग काढा आणि तसंच्या तसं घेऊन या. आतली डिस्क बहुतेक वेळा वाचते. ती बिघडते ती ओली असताना चालू केल्यामुळे.

भिंतीतलं तिसरं भोक

"कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येतात," असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. लोकांना वाटतं मशीन खराब आहे. मशीन ठीक असतं, घराला अर्थिंग नसतं, म्हणजे प्लगच्या तिसऱ्या भोकातून जमिनीत जाणारी तार नसते.

त्याचं असं आहे. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला खरखराट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याच्या अंगाशी जोडलेले असतात. अर्थिंगची तार असेल तर तिथली गळती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्यामुळे माणसाला फक्त चटका बसतो, पण चालू मशीनला प्रिंटरची किंवा मॉनिटरची केबल लावताना तोच चटका पोर्टला बसतो. एचडीएमआयचा पोर्ट असा मेलेला मी अनेकदा बघितला आहे.

तपासायची घरगुती रीत: मशीन चालू असताना कॅबिनेटच्या न रंगवलेल्या स्क्रूला लाइन टेस्टर लावा. दिवा पेटला तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे. पुढचं काम वायरमनचं, तुमचं नव्हे. त्याला मीटरने तीन आकडे मोजायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३०च्या जवळपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढाच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा पाचच्या वर गेला तर खड्डा बघावा लागेल.

खड्ड्याची गोष्ट कोकणात वेगळी आहे. कातळावर घर असेल तर खोल खणता येत नाही, आणि जांभ्याची माती एप्रिलमध्ये इतकी कोरडी पडते की ऑगस्टमध्ये झकास चाललेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. नेमके त्याच सुमाराला वळवाचे ढग जमायला लागतात. म्हणून खड्डा घ्यायचा तो माडाच्या आळ्याजवळ किंवा न्हाणीचं सांडपाणी जातं तिकडे, जिथे बारा महिने ओल असते. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर मार्च ते मे दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता. हे काम पोरांना लावून द्या, आवडीने करतात.

आणखी एक. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात बसवण्यासाठी जे छोटं अडॅप्टर मिळतं, ते घरात असेल तर आजच फेकून द्या. स्पाइक गार्ड, म्हणजे उसळत्या विजेपासून मशीन वाचवणारा बोर्ड, त्याचंही सांगतो: अर्थिंगशिवाय त्याचा बराचसा उपयोग जातो, उरतो तो लाल दिव्याचा एक्स्टेन्शन बोर्ड.

यूपीएस घ्यायचाच

लाइट जाते, येते, पुन्हा जाते. तिच्या जाण्यापेक्षा येण्याची भीती जास्त, कारण परत येताना ती बऱ्याचदा उसळून येते. डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, त्यामुळे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, ही चैन नव्हे.

त्या ६००चा अर्थ ६०० वॉट नाही. बहुतेक छोट्या यूपीएसवर खाली ३६० वॉट लिहिलेलं असतं, तो खरा आकडा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारं जास्तीचं कार्ड) नसलेला घरगुती कॉम्प्युटर साधारण कामात ६० ते १०० वॉट घेतो, मॉनिटर वीस-पंचवीस. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तिच्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ती काम जतन करून नीट बंद करण्यासाठी आहेत, उरलेली मॅच बघण्यासाठी नाहीत. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. छपाई सुरू करताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो.

व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर यूपीएसवर छापलेली इनपुटची मर्यादा वाचा. चांगल्या छोट्या यूपीएसला साधारण १४०-१५०पासून २९०-३०० व्होल्टपर्यंत चालतं, मग वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक बटण असतं, त्यावर 'यूपीएस' असा पर्याय असतो. ते तिकडे करा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होईल. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते. नवी बसवली की तिच्यावर पेनाने तारीख लिहून ठेवा.

खोका उघडताना

मशीन कोल्हापूरहून आंबा घाटाने आलं असो नाहीतर मुंबईहून हायवेच्या खड्ड्यांतून, ते हादरे खात आलेलं असतं. लगेच चालू करू नका. आधी खोक्यावरच्या, कॅबिनेटमागच्या आणि बिलावरच्या सीरियल नंबरांचे मोबाइलने फोटो काढा. बिल थर्मल कागदावर असेल तर वर्षभरात कोरं होतं, आणि वॉरंटी तर त्या कागदावर असते. दुकानदाराला एवढंच विचारा: वॉरंटीत माणूस आपल्या पिनकोडला घरी येतो, की मशीन घेऊन आपण जायचं? आपल्याकडे या एका प्रश्नाने पुढच्या तीन वर्षांचं सुख-दुःख ठरतं.

असेंबल केलेलं मशीन असेल आणि दुकानदाराची हरकत नसेल तर बाजूचा पत्रा उघडून आत नजर टाका. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंच्या खुट्ट्या बसल्या आहेत ना, जड ग्राफिक्स कार्ड खाली लोंबत नाही ना, एखादी वायर पंख्यात अडकली नाही ना. तसं कार्ड असेल तर प्रवासात ते काढून वेगळं आणणं सगळ्यात बरं. कॅबिनेटच्या मागे रिकाम्या स्लॉटांवर पत्र्याच्या पट्ट्या असतात. एखादी गायब असेल तर लावून घ्या. का, ते पालीपाशी सांगतो.

जोडणी सोपी आहे, फक्त एक चूक हमखास होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. पैसे कार्डाचे दिले आणि वर्षभर कार्ड वापरलंच नाही, असे महाभाग भेटतात.

पहिल्या दिवशीची कामं

चालू झाल्यावर वॉलपेपर बदलायच्या आधी आपण जे विकत घेतलं तेच मिळालं का ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, हे सगळं दिसतं.

प्रोसेसरचा नंबर नीट वाचा. 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर जाऊ नका. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ची. आय-फाइव्ह १२४०० म्हणजे बारावी, २०२२ची. नाव एकच, मध्ये दहा वर्षं. जुने प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये घालून स्वस्तात विकले जातात. त्यात बेकायदा काही नाही, पण नवं म्हणून विकलं तर फसवणूक आहे. शिवाय विंडोज ११ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे तिसऱ्या पिढीच्या मशीनवर तुम्ही पहिल्या दिवसापासून मागे आहात. तसं मशीन पदरात पडलंच असेल तर लिनक्स मिंट टाका, ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. विंडोज चोरून 'ॲक्टिव्हेट' करणारी फाइल मात्र नको. तिच्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते आलं.

मग तीन गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही.

पहिली बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगमधली. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून आत जा. लाइट परत आल्यावर मशीनने काय करायचं, असा एक पर्याय पॉवरच्या पानावर असतो. तो 'ऑफ' ठेवा. नाहीतर रात्री दोनला उसळत आलेल्या लाइटीवर मशीन आपोआप सुरू होतं, आणि सकाळी मला फोन येतो: "कॉम्प्युटर चालू होणा नाय, बघ मरे जरा."

दुसरी डिस्कच्या कुलपाची. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवीन मशीन सुरू केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरापासून हे चांगलंच. पण आपल्याकडे विजेने मदरबोर्ड जातो, तो बदलला की डिस्क ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि किल्ली कागदावर उतरवून देवघरातल्या पेटीत ठेवा. सातबाऱ्याच्या शेजारी शोभेल.

तिसरी डेटाची. अनेक वाड्यांत अजून इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. नवा कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी अपडेटसाठी कित्येक जीबी ओढतो आणि दिवसाचा कोटा दुपारीच संपतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, करून ठेवा. महिन्यातून एकदा ब्रॉडबँड असलेल्या शेजाऱ्याकडे मशीन नेऊन अपडेट करून आणणारे लोक मला माहीत आहेत. ते बरोबरच करतात. ब्रॉडबँड असेल तर राउटरपासून मशीनपर्यंत शक्यतो केबल टाका. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वाय-फाय धापा टाकतं. केबल जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा, २.४ भिंतीतून बरं जातं.

मराठी टायपिंगसाठी काही विकत घ्यायची गरज नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, कीबोर्डांत 'फोनेटिक' निवडा; विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून तो आतच येतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. पोरांसाठी वेगळं, साधं खातं उघडा, ॲडमिनचं देऊ नका. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशी पाटी पडद्यावर आली तर फोन न करता ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०वर तक्रार नोंदवा, तिथे मिनिटांचा फरक पडतो.

आभाळ गरजायच्या आधी

वीज पडून मेलेली मशीन माझ्याकडे दोन हंगामांत येतात: मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि मग परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या दुपारी. भर आषाढात कमी. वीज घरावर पडायला लागत नाही. जवळपास कुठे पडली तरी लांबच लांब तांब्याच्या तारांत झटका उठतो आणि तो तारेच्या टोकाला जे असेल त्याला बसतो.

त्याला यूपीएस आणि स्पाइक गार्ड पुरत नाहीत. प्लग भिंतीतून काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, त्या फटीपेक्षा वीज मोठी. आणि फक्त पॉवरचा प्लग नाही, लॅन केबलही, म्हणजे राउटरकडून येणारी इंटरनेटची तार. घरापर्यंत फायबर आलं असेल तर काच वीज वाहत नाही, पण त्याच्या डब्याचं अडॅप्टर भिंतीत असतं आणि डब्यापासून तुमच्या मशीनपर्यंत तांब्याची लॅन केबल असते. झटका त्या वाटेने येतो आणि मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट घेऊन जातो. एका घरी असे टीव्ही, राउटर आणि कॉम्प्युटर एका रांगेत गेले. यूपीएस मात्र ठणठणीत.

हे सगळं गडगडाट डोक्यावर यायच्या आत. वीज कडाडत असताना प्लगला हात घालायचा नाही, मशीन गेलं तर जाऊ दे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे, ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलवर घ्या, आंब्याच्या बागेत काम करणाऱ्यांनी तर घ्याच.

चार महिने पाऊस

रोज निदान एक तास मशीन चालू ठेवा. काम नसेल तर जुने फोटो लावा, गाणी लावा, पण चालू ठेवा. लाइट नसेल त्या दिवशी इलाज नाही; निसर्ग चक्रीवादळानंतर, ३ जून २०२०नंतर, श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवी मात्र चुकवू नका.

प्लॅस्टिकचं कव्हर नको. बंद केल्याबरोबर गरम मशीनवर ते घातलं की आतली वाफ तिथेच राहते. जुन्या सुती साडीचा तुकडा पुरे, तोही मशीन निवल्यावर. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायची कल्पना सगळ्यांना सुचते. कॅबिनेटला इतकी भोकं असतात की ती पुडी अख्ख्या खोलीची ओल प्यायला निघते आणि लवकरच भरते. तीच पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क यांच्यासोबत ठेवा, तिथे ती सोनं आहे.

एसी असेल तर एक लक्षात घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात हवा २४-२५ अंशांना निवली की तिला घाम फुटतो. त्याहून गार झालेली वस्तू दमट खोलीत आणली की तिच्यावर पाणी धरतं, थंड बाटलीवर धरतं तसं. म्हणून गार गाडीतून आणलेलं मशीन दोन-तीन तास तसंच ठेवून मग चालू करा.

साफसफाई वर्षातून दोनदा: एकदा मेमध्ये, तांबडी धूळ खाऊन झाल्यावर आणि पावसाच्या आत, एकदा दिवाळीनंतर. प्लग काढून, मऊ कोरडा ब्रश आणि हवेचा ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते भन्नाट फिरू देऊ नका. मॉनिटरवर पाणी किंवा काचेचा फवारा थेट मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं.

पाली, मुंग्या आणि कुंभारीण

पाल उबेला येते. रिकाम्या स्लॉटाची पट्टी नसेल तर तिथून आत जाते आणि पुढे कधीतरी एसएमपीएसमध्ये दोन टोकांच्या मध्ये सापडते. तिच्यासकट एसएमपीएस जातो. वॉरंटीत पाल धरत नाहीत, विचारून झालंय.

मुंग्यांसाठी टेबलावर खायचं नाही, इतकं साधं. न जमल्यास टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, फडताळाला ठेवतो तशा. कुंभारीण मात्र बाहेरच्यांना खरी वाटत नाही. ही माशी मातीचं घरटं बांधायला भोक शोधते, आणि यूएसबी पोर्ट किंवा हेडफोनचं भोक तिला अगदी मापाचं वाटतं. "पेन ड्राइव्ह आत जात नाही" म्हणून आलेल्या मशीनमधून मी वाळलेली माती आणि तिच्या पिल्लांसाठी साठवलेले कोळी काढले आहेत. न वापरलेल्या पोर्टांना रबराची बुचं मिळतात, स्वस्त असतात. त्याने गंजही कमी होतो.

आणि दसरा. यंत्राची पूजा करावी, मीही करतो. पण हळद-कुंकू जाळीवर नको, ते सरळ पंख्यातून आत जातं; स्वस्तिक बाजूच्या पत्र्यावर काढा. फुलं कोरडी वाहा. नारळ अंगणात फोडा.

दुसरी प्रत मुंबईला

मशीन बदलता येतं. आंब्याचे हिशेब, होमस्टेचं बुकिंग, आजीचे फोटो परत मिळत नाहीत. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळते, महत्त्वाची कागदपत्रं तिथे टाकाच. फोटो-व्हिडिओंना ती पुरत नाही आणि मोबाइलच्या नेटवर ते वर चढतही नाहीत.

मी लोकांना दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायला सांगतो, एकसारख्या, प्रत्येकीवर नंबर लिहून. एक घरी, त्या घट्ट डब्यात. दुसरी मुंबईच्या भावाकडे. तो गणपतीला येतो तेव्हा ती घेऊन येतो. गौरी जाईपर्यंत तिच्यावर नवी प्रत काढायची आणि जाताना ती परत त्याच्याकडे द्यायची. शिमग्याला पुन्हा तेच. वर्षातून दोनदा चाकरमानी येतातच, त्यांच्या बॅगेत खोबरं आणि फणसपोळीच्या जोडीला वीतभर डबा जड नाही. पूर आला, वीज पडली, घर फोडलं, तरी जास्तीत जास्त सहा महिन्यांचं जातं. डिस्कला पासवर्ड घालायला मात्र विसरू नका, भाऊ असला तरी वहिनी आहे.

घर बंद ठेवून जाताना, आणि परत आल्यावर

महिनोन् महिने कुलूप लागणार असेल तर मशीन मागे ठेवून जाण्यापेक्षा वर्षभर राहणाऱ्या चुलत्यांकडे वापरायला द्या. ते शक्य नसेल तर सगळे प्लग आणि लॅन केबल काढा, यूपीएस पूर्ण चार्ज करून बंद करा, कॅबिनेट उंचावर ठेवा आणि सुती कापड टाका. यूपीएसची बॅटरी दोन-तीन महिन्यांत कोणी तरी येऊन चार्ज केली तर टिकते, नाहीतर परत आल्यावर नवी आणावी लागेल.

परत आल्यावर दार उघडल्या उघडल्या चालू करू नका. खिडक्या उघडा, टेबलफॅन कॅबिनेटच्या दिशेने लावून अर्धा दिवस वारा खाऊ द्या. मागची भोकं बघा, माती नाही ना, पालीची अंडी नाहीत ना.

चालू झाला आणि तारीख भलतीच दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. तोपर्यंत बँकेच्या साइटही उघडणार नाहीत, 'सुरक्षित नाही' म्हणतील. दोष नेटचा नसतो, तारखेचा असतो. सेल किराणा दुकानातसुद्धा मिळतो.

पंखे फिरतात पण पडदा काळा, आणि आतून बीप-बीप येत असेल, तर बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरलेला असतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज सोडा. मग दोन्ही खुट्ट्या बाजूला करून रॅम सरळ वर काढा. पोराच्या दप्तरातला पांढरा मऊ खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्यांवरून हलक्या हाताने, एकाच दिशेने तीन-चारदा फिरवा. कण फुंकू नका, तोंडातली वाफ लागते; ब्रशने झटका. रॅम पुन्हा स्लॉटमध्ये दाबून बसवा, खुट्ट्यांचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत. यावर मी शंभर-दोनशे रुपये घेतो.